बेळगावची रात्र कॅनव्हासवर उतरवताना

तैलरंगात नुकताच हात घातलेला माणूस रात्रीच्या शहराचे चित्र काढायला बसला की त्याची पहिली चूक जवळपास ठरलेली असते. तो काळ्या रंगाची ट्यूब उघडतो. मीही तेच केले होते. कपिलेश्वर उड्डाणपुलावरून दिसणारी पावसाळी रात्र रंगवायची म्हणून मी अख्खा कॅनव्हास ट्यूबमधल्या काळ्याने भरला आणि तो ओला असतानाच त्यावर पिवळ्या रंगाचे दिवे लावू लागलो. दहा मिनिटांत एकूण एक दिवा शेवाळ धरलेल्या दगडासारखा हिरवट झाला, कारण काळा आणि पिवळा एकमेकांत मिसळले की हिरवट रंग तयार होतो, ही साधी गोष्ट तेव्हा मला ठाऊक नव्हती. रात्रीच्या चित्रात खरी मेहनत अंधारावर घ्यायची असते आणि दिवे अगदी शेवटी, थोडकेच लावायचे असतात. ज्यांनी अजून एकही तैलचित्र पुरे केलेले नाही त्यांच्यासाठी हीच गोष्ट, अमूर्त चित्राच्या अंगाने, येथे क्रमाक्रमाने मांडली आहे.

अमूर्त या शब्दाविषयी आधी थोडे सांगणे भाग आहे. बेळगावात चित्रकलेची गोडी जुनी आहे, परंतु ती मुख्यतः व्यक्तिचित्रांची आणि निसर्गदृश्यांची आहे. चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली येथे चित्रकारांची पिढी तयार झाली, रवी परांजपे त्यांच्यातलेच, आणि त्या वास्तवदर्शी शिस्तीवर पोसलेली आपली नजर चित्रात आधी ओळखीची वस्तू शोधते. माझे पहिले बरे जमलेले चित्र पाहून शेजारच्या काकूंनी विचारले होते, ‘ह्यात आपली गल्ली कुठं हाय?’ प्रश्न रास्त होता. अमूर्त चित्र म्हणजे मनाला येईल तसे फासलेले रंग नव्हेत; पाहिलेल्या दृश्यातून वस्तूंची नावे काढून टाकल्यावर जो उजेड, जो काळोख, ज्या दिशा आणि जे रंग मागे उरतात त्यांची ती मांडणी असते. म्हणून अमूर्त काढायचे असले तरी आधी खरे शहर नीट पाहावे लागते. न पाहता काढलेले अमूर्त लगेच ओळखू येते. त्यातले सगळे ठिपके सारख्या आकाराचे आणि सारख्या अंतरावर असतात.

पहिली पायरी: रात्र पाहणे

संध्याकाळी साडेसात-आठनंतर हातात लहान वही आणि पेन्सिल घेऊन बाहेर पडावे. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, त्यामुळे पोहोचल्याबरोबर रेघोट्या ओढायला लागू नये. मोबाइलने छायाचित्र घ्यायला हरकत नाही, पण आजचे मोबाइल रात्रीचे छायाचित्र घेताना अंधार आपणहून उजळवून टाकतात. त्या छायाचित्रावरून रंगवले तर चित्रात रात्र न येता ढगाळ दुपार येते. छायाचित्र फक्त रचना आठवण्यासाठी ठेवावे, गडदपणा मात्र डोळ्यांनी पाहून वहीत लिहून ठेवावा.

शहराचा प्रत्येक भाग वेगळी मांडणी देतो. गणपत गल्ली किंवा खडे बाजार येथे उजेड दोन्ही बाजूंनी दाटीने येतो आणि मधोमध माणसांच्या हालचालीची एक गडद, अस्थिर पट्टी राहते. अशा जागी चित्र उभ्या रेषांचे होते. कॅम्पातले रस्ते सरळ आणि शांत असल्याने तेथे दिव्यांतली अंतरे मोठी आणि झाडांचे काळोखे पुंजके अधिक असतात. टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी गाडी येण्याची वाट पाहत थांबलेल्या वाहनांचे लाल दिवे एका ओळीत साचतात. वडगाव-खासबागेकडे गेल्यास उशिरापर्यंत चालणाऱ्या विणकरांच्या मागांच्या खिडक्या दिसतात: काळ्या भिंतीत एकच पिवळा चौकोन, आणि त्याच्या आत काहीतरी सतत हलते आहे. येळ्ळूरच्या राजहंसगडाकडच्या चढावरून मागे वळून पाहिले तर सारे बेळगाव उजेडाची एक आडवी, कमी-जास्त जाडीची पट्टी होऊन बसते. नवख्याने या शेवटच्या दृश्यापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण अमूर्ताचे अर्धे काम तेथे अंतरानेच करून ठेवलेले असते.

डोळे किलकिले करून पाहण्याची सवय लावून घ्यावी. तसे पाहिले की बारकावे पुसले जातात आणि मोठे आकार तेवढे उरतात. आपल्या भागात याचा एक मजेदार पडताळा दुकानांच्या पाट्यांवर घेता येतो. उजळलेली कन्नड पाटी किलकिल्या डोळ्यांना गोल मण्यांची माळ दिसते, तर देवनागरी पाटीतली अक्षरे विरघळून गेली तरी वरची शिरोरेघ आडव्या उजळ पट्टीसारखी शिल्लक राहते. पाटीवरच्या अक्षरांवरून आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आहेत. चित्राला मात्र माळही हवी असते आणि पट्टीही. माझ्या दोन चित्रांची सारी रचना या एवढ्याच जोडीवर उभी आहे.

स्मरणशक्ती वापरायची एक जुनी रीतही येथे उपयोगी पडते. १८७०च्या दशकात लंडनमध्ये थेम्स नदीची रात्रीची चित्रे काढणारा व्हिस्लर दृश्य काही वेळ टक लावून पाहत असे, मग त्याकडे पाठ फिरवून सोबतच्या माणसाला ते तोंडी सांगत असे, आणि चित्र नंतर स्टुडिओत आठवणीतून रंगवत असे. आपणही कपिलेश्वर पुलावर मित्राला सोबत न्यावे, पाच मिनिटे पाहावे आणि पाठ फिरवून सांगावे: डावीकडे खाली रुळांची गडद पट्टी, वर एक हिरवा ठिपका, उजवीकडे तांबूस धूसरपणा. जे सांगताना आठवले तेच चित्रात घ्यावे. जे आठवले नाही ते आपोआप गळून पडते, आणि अमूर्तात ते गळणेच हवे असते.

दुसरी पायरी: साहित्य

साहित्य कमी घ्यावे, पण चांगले घ्यावे. १६ × २० इंचांचा, प्रायमर लावलेला ताणलेला कॅनव्हास किंवा कॅनव्हास बोर्ड पुरतो. यापेक्षा लहान आकारात रंगाच्या सुरीचे काम नवख्याला अवघड जाते. रंग सात: अल्ट्रामरीन ब्लू, प्रशियन ब्लू, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), अलिझरिन क्रिमसन (गडद लाल), यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम यलो आणि टायटॅनियम व्हाइट. पांढऱ्याची ट्यूब मोठी घ्यावी, असे सर्वसाधारण तैलचित्रासाठी सांगतात. रात्रीच्या चित्रात मोठी ट्यूब अल्ट्रामरीनची लागते. काळी ट्यूब घेऊच नये. हॉग हेअरचे, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, दोन चपटे ब्रश, एक रुंद आणि एक अरुंद, एक मऊ ब्रश, लांबट पात्याची पॅलेट नाइफ (रंगाची सुरी), जुन्या सुती कपड्याच्या चिंध्या, टर्पेंटाईन आणि जवसाचे तेल, म्हणजे दुकानात लिनसीड ऑइल म्हणून मिळते ते. चटणीच्या जवसाचेच हे तेल. चित्रांसाठी मात्र ते शुद्ध करून घेतलेले असते, म्हणून खाण्याच्या तेलाची बाटली येथे वापरू नये. पॅलेट, म्हणजे रंग मिसळायची पाटी, म्हणून काचेचा तुकडा उत्तम. त्याखाली करड्या रंगाचा कागद ठेवला की रंगाचा गडदपणा नीट कळतो. पांढऱ्या पॅलेटवर प्रत्येक रंग आहे त्याहून गडद वाटतो आणि फसगत होते.

खोलीची खिडकी उघडी ठेवावी आणि टर्पेंटाईनजवळ निरांजन, उदबत्ती, शेगडी काहीही पेटते ठेवू नये. कॅडमियमचा रंग विषारी असल्याने हात न धुता खाऊ नये, आणि रंगासाठी घेतलेली ताटली पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

तिसरी पायरी: काळोख मिसळणे

सगळ्यात जास्त वेळ येथे द्यावा. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर साधारण समप्रमाणात मिसळले की जवळजवळ काळा रंग मिळतो, पण ट्यूबमधल्या काळ्यासारखा तो मेलेला नसतो. निळा वाढवला तर थंड होतो, अंबर वाढवला तर उबदार. काचेच्या टोकावर याचा थोडा थर सुरीने पातळ ओढून पाहावा. जाड असताना काळी दिसणारी ती गोळी पातळ होताच आपला खरा रंग दाखवते, आणि तेव्हाच ती निळ्याकडे झुकते आहे की तपकिरीकडे हे समजते.

असे एकूण पाच काळोख मिसळून काचेवर ओळीने मांडावेत. पहिला निळा काळोख, डोक्यावरच्या आकाशासाठी. दुसरा तपकिरी, भिंती आणि रस्त्यासाठी. तिसरा अल्ट्रामरीन आणि अलिझरिन यांचा जांभळा काळोख, जो दिव्यांच्या जवळच्या हवेसाठी लागतो. चौथा प्रशियन ब्लू आणि थोडा यलो ऑकर यांचा हिरवट काळोख, झाडांसाठी किंवा कपिलेश्वर तलावासारख्या पाण्यासाठी. यात प्रशियन ब्लू मोहरीच्या दाण्याएवढाच घ्यावा, कारण तो फार जबर रंग आहे आणि एकदा पसरला की बाकी सगळ्यांना गिळून टाकतो. पाचवा काळोख म्हणजे पहिल्या दोघांत किंचित पांढरा घालून केलेला राखाडी, ज्याला आपण शहरावरचा धूसर उजेड म्हणू. शहराच्या वरचे आकाश कधीच पूर्ण काळे नसते; खालच्या दिव्यांचा उजेड धुळीवर आणि ढगांवर पडून परततो, आणि पावसाळ्यात ढग खाली उतरले की हा तांबूस राखाडीपणा अधिकच वाढतो.

हे पाच काळोख शेजारी शेजारी ठेवून डोळे किलकिले करावेत. ते सगळे एकसारखे गडद दिसले पाहिजेत आणि डोळे पूर्ण उघडल्यावर वेगळे दिसले पाहिजेत. एखादा उठून दिसत असेल तर तो अजून पुरेसा गडद नाही. अंधुक उजेडात लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा त्या मानाने उजळ राहतो; चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने १९व्या शतकात ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. त्यामुळे दिव्यापासून लांबच्या अंधारात निळा आणि दिव्याच्या आसपास तांबूस-जांभळा, अशी वाटणी ठेवली तर चित्र रात्रीचे वाटते, मग त्यात एकही खिडकी ओळखू न आली तरी चालते.

मिसळण्याचे काम पिवळ्या बल्बखाली करू नये. त्या उजेडात निळे रंग मंद दिसतात, आपण ते वाढवत जातो, आणि सकाळी पाहतो तो सारा कॅनव्हास शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा. रात्रीचे चित्र दिवसा, खिडकीच्या उजेडात रंगवावे.

चौथी पायरी: पातळ थर आणि पुसून काढलेला उजेड

बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन यांचे मिश्रण टर्पेंटाईनने चहासारखे पातळ करून रुंद ब्रशने पूर्ण कॅनव्हासवर फिरवावे. तेल अजिबात घालू नये. हा थर ओला असताना चिंधी बोटाला गुंडाळून, जेथे पुढे दिवे किंवा उजेडाचे पट्टे यायचे आहेत तेथला रंग पुसून कॅनव्हासचा पांढरेपणा उघडा करावा. येळ्ळूरच्या चढावरचे दृश्य असेल तर कॅनव्हासच्या एक-तृतीयांश उंचीवर एक आडवा, तुटक पट्टा. बाजाराचे असेल तर वरून खाली उतरणारे तीन-चार उभे पट्टे, सगळे वेगवेगळ्या रुंदीचे. ही पुसलेली जागा आपली ठेव आहे. पांढऱ्यावर चढवलेला पारदर्शक पिवळा आतून उजळतो. ओल्या काळ्यावर थापलेला पिवळा मातकट होतो.

मग थांबावे. टर्पेंटाईनचा पातळ थर हवेत ओल नसेल तर दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो. तैलरंग पाण्याच्या रंगासारखा सुकत नाही. त्यातले तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जाते, आणि थंडीत व दमट हवेत ही क्रिया मंदावते. जून ते सप्टेंबर या काळात बेळगावच्या हवेत हेच दिवस आठ-दहा होऊ शकतात. घाई करणाऱ्याने हे चित्र दिवाळीनंतर काढायला घ्यावे.

पाचवी पायरी: काळोखाचे तुकडे

आता मिसळलेले पाच काळोख कॅनव्हासवर आणावेत. रंगात जवसाच्या तेलाचे काही थेंब घालावेत. खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा अधिक तेलाचा, हा तैलरंगाचा न मोडण्याचा नियम आहे, कारण खाली तेलकट थर मंदपणे घट्ट होत असताना वर लवकर सुकणारा थर दिला तर वरच्याला पुढे भेगा पडतात.

ब्रशने कडा रेखू नयेत. पॅलेट नाइफच्या पात्याने रंग उचलून तो घराच्या भिंतीला गिलावा देतात तसा ओढावा, एकदा उभा, एकदा आडवा, आणि दोन काळोख जेथे भेटतात तेथे एक कड तीक्ष्ण ठेवून दुसरी कोरड्या ब्रशने विरघळवावी. सगळ्या कडा तीक्ष्ण झाल्या तर चित्र फरशीसारखे दिसते, सगळ्या विरघळल्या तर धुक्यासारखे. पेठेतल्या जुन्या घरांची दाटी सुचवायची असेल तर तुकडे लहान आणि एकमेकांवर चढलेले ठेवावेत. कॅम्पाची शांतता हवी असेल तर मोठे, रुंद आणि थोडे रिकामे. नागपुरात १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून रंगांचे थर देण्याची आणि काढण्याची जी पद्धत अवलंबली तिची छायाचित्रे नव्हे, शक्य झाले तर मूळ चित्रे एकदा समोर उभे राहून पाहावीत. रंग काढून घेणे हेही रंगवणेच असते, हे मला त्यांच्या चित्रांसमोर कळले. जो भाग जड झाला असेल तो सुरीच्या कडेने खरवडून काढावा. खाली राहिलेला पुसट डाग बहुधा वरच्या रंगापेक्षा देखणा निघतो.

पुसून ठेवलेल्या उजेडाच्या जागा या वेळी झाकायच्या नाहीत. त्यांच्या भोवती जांभळा काळोख हळूहळू आत सरकवत आणावा. या थरानंतर निदान आठवडाभर कॅनव्हासला हात लावू नये.

सहावी पायरी: दिवे

दिव्यांचा हिशेब आधी करून ठेवावा. शंभर भाग चित्र धरले तर ऐंशीच्या आसपास काळोख, पंधरा-सतरा भाग मंद उजेड, आणि डोळ्यात भरणारा झगझगीत उजेड दोन-तीन भागच, हे प्रमाण मी पाळतो. झगझगीत जागा पाचाहून अधिक झाल्या की एकही झगझगीत उरत नाही.

एक दिवा कसा लावायचा ते सविस्तर सांगतो, कारण बाकीचे सगळे त्याचीच पुनरावृत्ती आहे. कॅनव्हास सुकलेला आहे याची बोटाने खात्री करावी. कॅडमियम यलोमध्ये थोडे अलिझरिन आणि तेल घालून केलेला पातळ नारिंगी मऊ ब्रशने पुसलेल्या जागेवर आणि तिच्या बाहेर थोडा पसरावा, चिंधीने टिपून कड नाहीशी करावी. ही दिव्याभोवतीची हवा झाली. तिच्या मधोमध यलो ऑकर आणि कॅडमियम यलो यांचा लहान ठसा द्यावा. शेवटी पांढऱ्यात पिवळ्याचा अंश घालून, सुरीच्या टोकावर डाळीच्या दाण्याएवढा रंग घ्यावा, कॅनव्हासला टेकवावा आणि सरळ उचलावा. घासू नये. रंगाचे लहानसे टोक वर उभे राहते, आणि खोलीतला खरा उजेड त्या टोकावर पडून दिवा पेटल्यासारखा वाटतो.

रस्त्यावरचे सगळे दिवे एका रंगाचे नसतात. जुन्या सोडियम दिव्याचा उजेड नारिंगी, त्याखाली लाल लुगडेसुद्धा तपकिरी दिसते. म्हणून त्याच्या गाभ्यात पांढरा घालू नये, पिवळा-नारिंगीच ठेवावा. एलईडीचा गाभा पांढरा आणि कडेला किंचित निळा. दोन्ही एका चित्रात असतील तर एकाला राज्य द्यावे आणि दुसऱ्याला एकदोन ठिकाणीच येऊ द्यावे.

ओला रस्ता घ्यायचा असेल तर लक्षात ठेवावे की खडबडीत ओल्या डांबरावर दिव्याचे प्रतिबिंब गोल पडत नाही, ते पाहणाऱ्याच्या दिशेने लांब ताणले जाते. म्हणून प्रतिबिंबे नेहमी उभी, वरून खाली ओढलेली, मूळ दिव्यापेक्षा मंद आणि मध्ये मध्ये तुटलेली ठेवावीत. सुरीवर रंग घेऊन एकाच दमात खाली ओढला की तो तुटकपणा आपोआप येतो. नंतर दुरुस्ती करायला गेले की जातो.

दिवे लावून झाल्यावर चित्र उलटे करून पाहावे. उलटे केल्यावरही डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे जात असेल तर रचना धरून आहे. एखादा कोपरा डोळ्याला बाहेर ओढत असेल तर तेथला दिवा काळोखाने झाकावा, तो कितीही सुंदर उतरला असला तरी.

वाळवणे आणि राखणे

काम संपल्यावर तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल घट्ट होताना उष्णता निघते, आणि बोळ्यात ती कोंडून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. त्या दोरीवर मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकाव्यात. वापरलेले टर्पेंटाईन मोरीत ओतू नये. बाटलीत ठेवले की गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ टर्पेंटाईन पुन्हा वापरता येते.

चित्र धूळ बसणार नाही अशा जागी, पण उजेडात वाळवावे. अंधाऱ्या खोलीत किंवा कपाटामागे ठेवल्यास जवसाचे तेल पिवळसर होते आणि आपण मेहनतीने मिसळलेले निळे काळोख हिरवट दिसू लागतात. पावसाळ्यात ते बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, मागून बुरशी धरते. एकदा चौकट करून देणाऱ्या दुकानदाराने माझे चित्र काच थेट रंगाला चिकटवून बसवून दिले होते, आणि उभे राहिलेले सगळे दिवे काचेला चपटे होऊन बसले. तैलचित्राला काच लागत नाही. लावायचीच असेल तर मध्ये अंतर ठेवायला सांगावे.

वॉर्निश, म्हणजे चित्रावर शेवटी द्यायचा पारदर्शक रक्षक थर, सहा महिने होण्याआधी लावू नये, दिवे जाड असतील तर वर्षभर थांबावे. लावण्याच्या दिवशी हवा कोरडी असावी, चित्र आडवे ठेवावे, पंखा बंद करावा, आणि आधी मऊ कोरड्या ब्रशने उभ्या राहिलेल्या रंगाच्या टोकांभोवती साचलेली धूळ झटकून घ्यावी, नाहीतर ती वॉर्निशखाली कायमची बसते.